आत्याचं लग्न कॅमेऱ्यात अडकलं

रविवारी मी फोन उचलला नाही म्हणून तुम्ही सगळे तोंड फुगवून बसला आहात ना, मग आता ऐकाच. रविवारी आमच्या घरचा फोन हेल्पलाइनवर अडकला होता, ऑडिटरकाका गादीखाली अडकले होते, आणि माझ्या आत्याचं अख्खं लग्न, सह्या, पाहुणे, पुष्पगुच्छ, सगळ्यासकट, साबणाच्या वडीएवढ्या एका कॅमेऱ्यात अडकलं होतं. हसू नका. म्हणजे हसा, पण मधे बोलू नका. मधे कोणी बोललं की मी कुठे होते ते विसरते आणि मग पहिल्यापासून सांगते, तुम्हाला माहितीये.

तर आत्या. बाबांची धाकटी बहीण. वय विचारायचं नाही, पण लवकरच रिटायर होणार आहे, त्यावरून काय ते समजा. तिने लग्न केलं नाही, केलं नाही, आणि मग एकदम केलं. आम्हाला पत्ताच नाही! गेलं वर्षभर ती सारखी डोळे तपासायला जायची. कधी नंबर बदलल्यासारखा वाटायचा, कधी चष्म्याची दांडी सैल व्हायची, कधी नुसतीच काच पुसून आणायला. आई काळजीत पडली. बाबा म्हणाले, "मोतीबिंदू असणार. आपल्या घराण्यात आहे." मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंही ठरलं होतं. तेव्हा कुठे आत्याने सांगितलं की मोतीबिंदू नाहीये, चष्मेवाला आहे.

हे चष्मेकाका म्हणजे इतके गोड आहेत ना! बोलतात हळू, हसतात त्याहून हळू, आणि कोणाशीही बोलताना आधी त्याच्या चष्म्याकडे बघतात. वाकडा असला की बोलता बोलता सरळ करून देतात. बाबांचा तर पहिल्या भेटीतच सरळ केला. बाबा म्हणाले, माणूस चांगला आहे.

लग्न नोंदणी कार्यालयात, अगदी साधं. बाबा म्हणाले, फोटोग्राफर बोलवू. आणि मी म्हणाले, "फोटोग्राफर कशाला? मी आहे ना!"

हे तीन शब्द मी आयुष्यात पुन्हा तोंडातून काढणार नाही.

आता, माझ्यावर कोणी विश्वास का ठेवला? तर मी 'कॉम्प्युटरमधे' आहे म्हणून. तुम्हाला माहितीये मी काय करते. वॉशिंग मशीनच्या हेल्पलाइनवर फोन घेते आणि लोकांना "एकदा बंद करून चालू करा" म्हणते. माझ्या समोर कॉम्प्युटर असतो, एवढाच माझा आणि कॉम्प्युटरचा संबंध. पण आमच्या बिल्डिंगमधे जो कॉम्प्युटरसमोर बसतो तो कॉम्प्युटरचा सर्जन. मीही कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. छान वाटायचं हो.

तर मी फोटो काढले. ढीगभर काढले. सह्या झाल्या, सगळे जिना उतरायला लागले, आणि आत्याने मला हळूच कोपऱ्यात ओढलं. म्हणाली, "ए, एक सांगू? मला बाकी काही नको. एकच फोटो नीट दे. ज्यात मी मधे आहे."

मला आधी कळलंच नाही. मग घरी येऊन आईला सांगितलं तर आईने कपाटातून आमचे जुने अल्बम काढले. आणि खरंच सांगते, एकाही फोटोत आत्या धड नाही. कुठे कडेला अर्धी, कुठे कोणाचं तरी बाळ घेऊन मागे, कुठे नुसता तिचा हात, वाढताना. आणि निम्म्या फोटोंत तर नाहीच, कारण ते काढलेत तिने. "तूच काढ गं, तुझा हात स्थिर आहे," म्हणायचे म्हणे सगळे. आयुष्यभर हात स्थिर ठेवून उभी राहिली बिचारी.

म्हणजे बघा, काय जबाबदारी होती माझ्यावर. आणि रविवारी दुपारी दोघं जेवायला येणार होते. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर फोटो बघायला.

आता कॅमेऱ्याचं सांगते. तो बाबांचा. ऑफिसने दिलेला, नोकरीला बरीच वर्षं झाली म्हणून. बाबांनी तो "चांगला आहे" या कारणास्तव कधी वापरला नाही. चांगल्या वस्तू वापरायच्या नसतात, असा आमच्याकडे नियम आहे. लग्नाच्या दिवशी सकाळी बाहेर काढला तर त्याचा खालचा छोटा दरवाजा, ज्याच्या आत बॅटरी आणि कार्ड असतं ना, तो नीट लागेना. सारखा टपकन उघडायचा. मी अंघोळीला गेले आणि तेवढ्यात बाबांनी त्याचा कायमचा बंदोबस्त केला.

'कायमचा बंदोबस्त' म्हणजे काय ते आमच्या घरात लहान मुलालाही कळतं. बाबांकडे एक गोंद आहे. दोन ट्यूब असतात, एक पांढरी, एक काळी, दोन्ही पत्र्यावर कालवायच्या आणि लावायचं. मग ती वस्तू जगबुडी झाली तरी सुटत नाही. टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण असंच बंदोबस्तात गेलं. सेल संपल्यावर रिमोट नवीन घेतला. बाथरूमची खिडकी बंदोबस्तात गेली. आईची एक पर्स तर आत रुमाल आणि गोळ्या असतानाच गेली. तसा कॅमेऱ्याचा दरवाजा गेला.

म्हणजे काय झालं कळलं का? कार्ड बाहेर काढता येईना. बॅटरी बाहेर काढता येईना, आणि तो कॅमेरा जुन्यातला, बॅटरी काढूनच चार्ज करायची. म्हणजे आत जेवढा जीव शिल्लक होता तेवढाच. त्याच जिवात, वायर लावून, फोटो कॉम्प्युटरमधे घ्यायचे. एकच संधी!

मी म्हटलं, ठीक आहे, वायर द्या.

वायर नाही.

खोक्यात सगळं होतं. पुस्तिका होती, पण तीत शेजारच्या तीन देशांना पुरतील एवढ्या भाषांची पानं आणि नेमकं आपल्याला वाचता येणारं पान वाळवीने खाल्लेलं. गळ्यात अडकवायची दोरी होती. खोक्यातलं थर्माकोलसुद्धा बाबांनी जपून ठेवलं होतं. फक्त वायर नाही. रविवार, सगळी दुकानं बंद. मी जिन्यात जाऊन नुसतं एवढंच म्हणाले, "काकू, तुमच्याकडे कॅमेऱ्याची वायर आहे का हो?" आणि चूक केली. आमच्या बिल्डिंगमधे प्रश्न विचारला की उत्तर एकटं येत नाही, माणसासकट येतं.

सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरचे ऑडिटरकाका आले. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या हिशोबातल्या चुका काढल्या आणि रिटायर झाल्यावर ती सवय कुठे ठेवायची म्हणून आमच्याकडे ठेवतात. त्यांच्यामागून हेडबाई. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, अजूनही दारातून आत येताना वर्ग उभा राहील अशी अपेक्षा असते त्यांची. आम्ही राहतोही. आणि दोघांच्या हातात वायरी! मग खालून, बाजूने, सगळीकडून वायरी. टेपरेकॉर्डरच्या, इस्त्रीच्या, एका आजोबांची कानाच्या मशीनची. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. एकही बसेना.

"बसत नाही म्हणजे काय? जोर लाव," बाबा म्हणाले.

"जोर लावू नकोस," ऑडिटरकाका म्हणाले. "आधी नोंद कर कुठली लावून बघितली."

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पुसत, सगळा पसारा बघितला आणि म्हणाली, "काय शोधताय?"

"वायर. काळी. एका टोकाला चपटी."

"ती होय? ती तर माळ्यावरच्या गादीला बांधलीये."

सगळे बाबांकडे वळले. बाबा छताकडे बघायला लागले. मग म्हणाले, "मजबूत होती. सुतळी सारखी सुटत होती."

तुम्हीच सांगा, जगात दुसरं कुठलं घर असेल का? मी स्टुलावर चढले. गादी गुंडाळून, त्या वायरीने आवळून, वर तीन गाठी! आणि गाठी बाबांच्या, म्हणजे तोही बंदोबस्तच. ऑडिटरकाका खाली उभे राहून मार्गदर्शन करत होते. "डावीकडून सोडव. तुझ्या डावीकडून नाही, माझ्या. आता पहिली गाठ..." पहिली सुटली, दुसरी सुटली, तिसरी सुटली, आणि इतक्या वर्षांनी मोकळी झालेली ती गादी एकदम अंग ताणून उलगडली आणि सरळ काकांवर. काका दिसेनासेच झाले. गादीच्या आतून आवाज आला, "वायर मिळाली का?" म्हणजे मानलं पाहिजे माणसाला!

वायर मिळाली. काकांना काढलं, झटकलं, पाणी दिलं. हेडबाई म्हणाल्या, "गादीला ऊन दाखवायला हवं होतं." जणू काही गादी हाच आजचा विषय.

मग कॉम्प्युटर. आमच्या कॉम्प्युटरला आईने कव्हर शिवलंय. पडद्याला वेगळं, कीबोर्डला वेगळं, आणि त्या खालच्या डब्याला तर अंगाबरोबर बसणारं, फुलाफुलांचं, चारी बाजूंनी टाके घातलेलं. फक्त चालू करायच्या बटणाला एक छोटी खिडकी. वायर लावायचं भोक कुठाय? कव्हरच्या आत. मी म्हटलं कव्हर काढू. आई म्हणाली, "काढायचं म्हणजे उसवायचं. मी करते काय ते." आणि ती सुई-दोरा घेऊन बसली. मला वाटलं कात्रीने एक चीर देईल, झालं. अहो, तिने काज केलं! सदऱ्याला करतात तसं, नीट, दोन्ही बाजूंनी दोरा फिरवून, टोकाला गाठ मारून. आम्ही सगळे बघत उभे. अर्धवट काम तिला जमत नाही, आणि खरं सांगू, झालं इतकं सुबक होतं की हेडबाईंनी चष्मा काढून जवळून पाहिलं.

"दोरा मॅचिंग घेतलास," त्या म्हणाल्या. आई लाजली.

मी काजातून वायर आत घातली. दुसरं टोक कॅमेऱ्यात. कॅमेरा सुरू केला. ठॅण! कॉम्प्युटर वाजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान तुकवून त्या स्वीकारल्या. ती माझी त्या दिवसातली शेवटची प्रतिष्ठा.

कारण कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर एक प्रश्न आला. वर एक ओळ, खाली दोन शब्द, पहिल्या शब्दावर पिवळी पट्टी. आणि भाषा? देवालाच ठाऊक. अक्षरं ओळखीची, इंग्रजीसारखीच, एखाददुसऱ्यावर दोन दोन टिंबं. पण अर्थ शून्य.

"ही कुठली भाषा?" मी म्हटलं. "परवापर्यंत तर साधी होती!"

बाबा खोकले. बाबा उगाच खोकत नाहीत.

"बाबा?"

"मी काही केलं नाही. फक्त तारीख बघत होतो. फोटोवर तारीख बरोबर यायला हवी ना. तारीख शोधता शोधता ते काहीतरी... फिरलं."

"मग परत का नाही फिरवलं?"

"कसं फिरवणार? सगळं त्या भाषेत होतं!"

आणि बरोबरच होतं त्यांचं.

हेडबाई पुढे झाल्या. "इकडे आण. मी वाचते." त्यांनी कॅमेरा लांब धरला, जवळ धरला, घसा साफ केला आणि शाळेत कविता म्हणतात तशी ती वरची ओळ चालीत म्हणून दाखवली. मग खालचे दोन शब्द, ठासून, "टुलोस्टिन. टिएटोकोने."

सगळे पुढे सरकले. इतकं सुंदर वाचलं होतं की सगळ्यांना वाटलं आता अर्थही सांगतील. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला. "उच्चार स्पष्ट आहेत. पुढचं तुम्ही बघा."

"टुलोस्टिन हे खोकल्याचं औषध आहे," ऑडिटरकाका म्हणाले. "नाहीतर असायला हवं."

आई हळूच म्हणाली, "अगं, ते 'सगळे फोटो पुसू का' असं तर विचारत नाही ना?"

झालं. तोपर्यंत हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. आता सगळ्यांच्या डोक्यात तेच. मी कॅमेऱ्यावरून बोट उचललं. दोन शब्द, त्यातला एक 'हो', एक 'नाही', आणि चुकीचा दाबला की आत्या पुन्हा कडेला. कडेला पण नाही. गायबच!

मग जी चर्चा झाली ना! कोणी म्हणालं 'नाही' हा शब्द छोटा असतो, म्हणजे पहिला शब्द 'नाही'. दुसरं कोणी म्हणालं, आपल्याकडे तर 'हो' छोटा असतो. ऑडिटरकाकांनी दोन्ही हातांनी सगळ्यांना थांबवलं. "माझा अनुभव असा आहे की नकार नेहमी लांब असतो. 'मंजूर' हा एक शब्द. नामंजूर करायचं असलं की दोन पानं लिहितात. म्हणून लांब तो नकार." इतकं पटलं ना आम्हाला! फक्त लांब कुठला यावर एकमत होईना. हेडबाईंनी अक्षरं मोजली, बाबांनी पडद्यावर पट्टी ठेवून सेंटिमीटरमधे मोजलं.

इंटरनेटवर बघ म्हणाल, तर ते बाबांनी घेतलेलंच नाही. व्हायरस येतात. बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, "दरवाजाच फोडतो." तर आईने त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि स्वतःच्या कमरेला खोचला. आणि बॅटरीचं चित्र, जे सकाळी निम्मं भरलेलं होतं, ते आता लुकलुकायला लागलं.

मग मी कॅमेऱ्याच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. खोक्यावर नंबर होता. आधी बराच वेळ सनईसारखं काहीतरी वाजलं, मधे मधे एक बाई सांगत होती की माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग एक मुलगी आली. "सर्वप्रथम, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत."

आणि मला तिचा आवाज ऐकून लगेच कळलं की ती नखं बघतेय. कारण मीही हे वाक्य म्हणताना नखंच बघते.

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, आपण कॅमेरा एकदा बंद करून चालू केलात का?"

कसं वाटतं माहितीये? एवढी वर्षं मी हे लोकांना म्हणतेय आणि ते चिडतात का ते मला कळायचं नाही. आता कळलं! मी म्हटलं, "अगं बाई, मी स्वतः दिवसभर हेच सांगते. मी वॉशिंग मशीनच्या हेल्पलाइनवर असते."

पलीकडून मग एकदम वेगळाच आवाज, "अय्या, खरंच? अगं, आमचं मशीन ना, पाणी घेतं आणि मधेच थांबतं. नुसतं घूं घूं करतं."

"पाइपच्या तोंडाशी जाळी आहे ना, ती साफ केलीस का?"

"जाळी असते?"

"असते गं! नळ बंद कर, पाइप फिरवून काढ, आत बोटाएवढी जाळी असते. ब्रशने घास."

"थांब थांब, लिहून घेते."

मी फोनवरून मान वर केली तर अख्खी बिल्डिंग माझ्याकडे बघत होती. इकडे बॅटरी लुकलुकतेय, आत्याचं लग्न बुडतंय, आणि मी परक्या मुलीला जाळी घासायला शिकवतेय. आईने नुसते डोळे मोठे केले. मी घाईने म्हटलं, "बरं, आता माझं सांग ना, ती भाषा कशी बदलू?"

"सांगते की! फक्त कॅमेऱ्याचा नंबर सांग. त्याशिवाय मला पुढचं पान उघडतच नाही. बॅटरीच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो."

मी बाबांकडे बघितलं. बाबा परत छताकडे.

"तो दरवाजा उघडत नाही," मी म्हटलं.

"मग सर्व्हिस सेंटर. पण ते आज बंद. सॉरी गं. खरंच सॉरी हां, मघाचं नाही, हे खरं सॉरी." मैत्रीण झालीये आता ती माझी, ते वेगळं.

फोन ठेवला. शेवटचा उपाय म्हणून मी कॅमेरा खरंच बंद करून चालू केला. त्याने आपलं भिंगाचं नाक आत घेतलं, बाहेर काढलं, परत तोच प्रश्न विचारला, आणि त्या नाक आत-बाहेर करण्यात होती ती पण बॅटरी खाल्ली. चित्र लाल झालं.

"आता हात लावू नकोस," ऑडिटरकाका कुजबुजले. "मतदान घेऊ."

बाबा म्हणाले, "आज निर्णयच नको. सोमवारी बघू."

"सोमवारपर्यंत तो जिवंत राहणारे का?" आई म्हणाली.

आणि बेल वाजली.

दारात आत्या. नवीन चष्मा, नवीन साडी, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी की आपण बघून आपोआप हसावं. मागे चष्मेकाका, हातात फुलं. दोघांनी आत बघितलं: वायरींचा गालिचा, मधोमध पसरलेली गादी, अंगाला कापूस चिकटलेले ऑडिटरकाका, कमरेला स्क्रूड्रायव्हर खोचलेली आई. आणि जमिनीवर कॅमेरा हातात घेऊन बसलेली मी.

"अरे वा," आत्या म्हणाली, "फोटो बघायला एवढी माणसं?"

आणि मी सुरूच झाले. रडत रडत सगळं सांगितलं. दरवाजा, गोंद, गादी, काज, टुलोस्टिन. "आणि आत्या, आता चुकीचं दाबलं तर तुझं लग्न जाईल!"

आत्या माझ्या शेजारी गादीवर बसली. "लग्न कुठे जातंय गं? ते बघ, दारात उभंय, बूट काढतंय."

सगळे हसले. पण मी बघितलं ना, हसताना तिचे डोळे कॅमेऱ्यावर होते. तिला तो फोटो हवा होता. खूप हवा होता. ती कधी काही मागत नाही, त्यामुळे मागितलं की कळतं.

"आणि मला हे सांग," ती म्हणाली, "दादाने हे कधी चिकटवलं?"

"लग्नाच्या दिवशी सकाळी," बाबा म्हणाले. "तुझ्यासाठीच."

"तुझं प्रेम ना दादा, फार घट्ट असतं."

चष्मेकाका येऊन आमच्यासमोर उकिडवे बसले. कोणालाच काही न विचारता त्यांनी माझ्या हातातला कॅमेरा आत्याच्या डोळ्यांसमोर धरला, बरोबर हातभर अंतरावर. पिवळी पट्टी पहिल्या शब्दावर होती. मग त्यांनी बाणाचं बटण दाबून ती दुसऱ्यावर नेली. परत पहिल्यावर. आणि त्या हळू आवाजात म्हणाले, "घाई नाही. पहिलं बरं वाटतंय, की दुसरं?"

आत्या लाल झाली! खरंच सांगते, कानापर्यंत. नंतर आईने तिच्याकडून काढून घेतलं सगळं. वर्षभर दुकानात त्या खुर्चीवर बसवून, काच बदलत बदलत, ते तिला हेच विचारायचे. पहिलं बरं, की दुसरं? आणि ती मुद्दाम म्हणायची, कळत नाहीये, परत दाखवा.

या वेळी तिने परत दाखवा म्हटलं नाही.

"दुसरं," ती म्हणाली, आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबून टाकलं.

ऑडिटरकाकांनी डोळे मिटले. हेडबाईंनी माझा खांदा धरला, अजून दुखतोय. कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला. पूर्ण काळा. मला वाटलं, संपलं.

ठॅण!

कॉम्प्युटर बोलला. पडद्यावर एक चौकट आली, आणि तिच्यात एक हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. मला तर विश्वासच बसेना. आता तुम्हाला सांगून टाकते, नाहीतर तुम्हीच विचाराल. नंतर कॅमेऱ्याच्या दुकानातल्या माणसाने दरवाजा फोडून, बॅटरी भरून, भाषा बदलून दिली, तेव्हा मी मुद्दाम वायर लावून तो प्रश्न वाचला. तो विचारत होता, "प्रिंटर की कॉम्प्युटर?" बस. एवढंच! कशाला जोडलंय ते सांगा म्हणत होता बिचारा. पुसण्याबिसण्याचं त्याच्या मनातही नव्हतं. मी हे बिल्डिंगमधे अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगायचं नाही. ऑडिटरकाका त्या न झालेल्या मतदानाच्या आठवणी सांगत फिरतायत, त्यांचा आनंद कशाला घालवा?

तर हिरवी पट्टी. सगळे पडद्याला नाक लावून. पट्टी पाऊण अंतर गेली आणि कॅमेऱ्याने एक बारीक कुंई केलं आणि प्राण सोडला. नाक बाहेर तसंच.

"किती आले?" आत्याने विचारलं.

मी उघडले. पहिला फोटो: बाबांचा गुडघा. दुसरा: बाबांचा गुडघा, जास्त जवळून. तिसऱ्यात बाबांचं नाक, तारीख शोधताना. "तारीख बरोबर आलीये बघ," बाबा म्हणाले. कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. चौथ्यात नोंदणी कार्यालयाचा पंखा. मी पुढे पुढे जातेय, आई पुटपुटतेय, "असेल, असेल, पुढे असेल." खुर्च्या. कोणाची तरी पाठ. टेबल. सहीचं पेन.

आणि मग आत्या.

सही करून तिने मान वर केलीये. चष्मा थोडा घसरलाय. काहीतरी विनोद झाला असणार, कारण तोंड उघडून, सगळे दात दाखवून हसतेय. आम्ही तिला असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. बरोब्बर मधोमध. एका बाजूला चष्मेकाका, फोटोकडे नाही, तिच्याकडे बघतायत. आणि अगदी कडेला, कानापासून कापलेले, अर्धे, बाबा.

आमच्या हेडबाईंनी पदराने डोळे टिपले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चौकट जरा तिरकी आहे." पण प्रेमाने.

लग्नानंतरच्या जेवणाचे फोटो आले नाहीत, राहिले मागे कॅमेऱ्यात. नाहीतरी त्यात सगळे घास चावताना होते. कोणाचं काही अडलं नाही.

आत्या खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. चष्मा नाकावर नीट सरकवला. मग म्हणाली, "जरा मोठा कर गं."

मी मोठा केला. बाबा उरलेसुरले गेले.

"अजून."

टेबल गेलं, पेन गेलं. नुसते दोघं.

"अजून."

चष्मेकाका पण गेले. त्यांनी काही तक्रार केली नाही. आता पडदाभर फक्त आत्या. तिचं हसू, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत.

"अजून कर."

"अगं, फुटेल फोटो," बाबा म्हणाले.

"फुटू दे."

मी करत गेले. डोळे गेले, नाक गेलं, सगळं विरघळत गेलं आणि शेवटी पडद्यावर नुसते चौकोन उरले, गुलाबी, तपकिरी, मधे एखादा पांढरा, तो बहुतेक दात असावा. काय आहे ते सांगूनही कोणाला कळलं नसतं.

आत्याने मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे. अगदी मनापासून बघितलं.

"छान आलेय गं मी," ती म्हणाली.